दीपगृह हललं, चुना तिथेच राहिला

पहिल्या वर्षी समितीने माझा प्रस्ताव परत पाठवला, तेव्हा त्यावर पेन्सिलीने एकच ओळ लिहिलेली होती: ‘गूळ नाही सापडला तर?’

मी किनाऱ्यावरच्या जुन्या बांधकामांतल्या चुन्यावर काम करते. मुरूड-जंजिऱ्याच्या तटाजवळ जाऊन कधी नीट पाहिलं असेल, तर तुमच्याही लक्षात आलं असेल. काही ठिकाणी दगड खाऱ्या वाऱ्या-पाण्याने झिजून आत गेलाय आणि सांध्यातला चुना मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पुढे उभा आहे. दगडापेक्षा चुना टिकला! असं का, याचं उत्तर आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. चुन्यात गूळ घालायचे, हिरडा घालायचे, बेलफळ, उडदाचं पाणी वगैरे. मी तेच उत्तर हातात धरून निघाले होते. जुन्या चुन्यातले सेंद्रिय घटक शोधायचे, गूळ सापडला की प्रबंध तयार, असा साधारण हिशेब. म्हणजे उत्तर आधी ठरलेलं आणि प्रश्न त्याला नंतर चिकटवलेला.

मला त्या शेऱ्याचा खूप राग आला होता. मॅडमनी (माझ्या गाईड) काही समजूत वगैरे घातली नाही. १७९१ साली छापलेल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची पीडीएफ पाठवली आणि म्हणाल्या, ‘यातला चुन्याचा भाग वाच आणि मग बोल.’ ते पुस्तक होतं जॉन स्मीटनचं, एडिस्टोनचं दीपगृह कसं बांधलं याबद्दलचं. प्रस्ताव लिहायला बसणाऱ्या कुणालाही मी आता हीच गोष्ट सांगते, म्हणून आज ती सविस्तर लिहिते आहे.

एडिस्टोन हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोरचा खडकांचा समूह. रेम हेड नावाच्या टोकापासून साधारण १४ किलोमीटर समुद्रात, प्लिमथ बंदराकडे जाणाऱ्या जहाजांच्या ऐन वाटेवर. भरतीला बराचसा पाण्याखाली जातो. अशा जागी दीपगृह बांधायचं म्हणजे ओहोटीच्या वेळी होडीतून जायचं, दोन-चार तास काम करायचं आणि समुद्र वर यायच्या आत परत निघायचं. तेही उन्हाळ्यात, हवा बरी असेल तर.

पहिलं दीपगृह हेन्री विन्स्टन्लीने बांधलं आणि १६९८ साली त्यात दिवा लागला. हा माणूस मूळचा चित्रं कोरणारा आणि करामती यंत्रांचे खेळ दाखवणारा. काम चालू असताना फ्रेंचांनी त्याला पकडून नेलं होतं. राजा चौदाव्या लुईने मात्र त्याला सोडून दिलं, कारण दीपगृह सगळ्यांच्याच जहाजांना लागतं. विन्स्टन्लीला आपल्या बांधकामाची एवढी खात्री होती की मोठ्यात मोठं वादळ होईल तेव्हा मी आत असायला हवा, असं तो म्हणायचा असं सांगतात. १७०३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वादळ आलं. तो दुरुस्तीसाठी खरंच आत होता. सकाळी खडकावर ना दीपगृह होतं ना विन्स्टन्ली. लगेचच विंचेल्सी नावाचं जहाज त्याच खडकांवर फुटलं.

दुसरं दीपगृह जॉन रुडयर्डचं, हाही पेशाने रेशमाचा व्यापारी. त्याने वरून लाकूड आणि आत दगड अशी रचना केली. १७०९ मध्ये पूर्ण झालेलं ते दीपगृह लाटांना पुरून उरलं, पण १७५५ च्या डिसेंबरात वरच्या दिव्याच्या खोलीला आग लागली आणि सगळं जळून गेलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेव्हा ड्यूटीवर होता हेन्री हॉल, वय ९४. तो खालून वर बादलीने पाणी फेकत असताना छपराचं वितळलेलं शिसं त्याच्या अंगावर आणि उघड्या तोंडात पडलं. शिसं पोटात गेलंय असं तो सांगत राहिला. कुणी विश्वास ठेवला नाही. बारा दिवसांनी तो गेला. डॉ. स्प्रायनी शवविच्छेदन केलं तर पोटात २०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा शिशाचा चपटा तुकडा निघाला. स्प्रायनी रॉयल सोसायटीला कळवलं. तिथल्या लोकांचंही म्हणणं हेच, की असं झाल्यावर माणूस बारा दिवस जगेलच कसा? मग आपलं नाव राखण्यासाठी स्प्रायनी कुत्र्यांच्या आणि कोंबड्यांच्या घशात वितळलेलं शिसं ओतून ते काही काळ जगतात हे दाखवलं. आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीने हे वाचून डोक्याला हात लावला असता, आणि बरोबरच आहे. तो शिशाचा तुकडा अजून एडिंबरातल्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मला या प्रसंगात त्या प्रयोगांपेक्षा म्हातारा हॉल जास्त आठवतो. डेटा तोच देत होता, आणि त्याचंच कुणी ऐकत नव्हतं.

आता तिसऱ्या दीपगृहासाठी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनी जॉन स्मीटनचं नाव सुचवलं. वय ३१. धंद्याने वैज्ञानिक उपकरणं बनवणारा. समुद्रात त्याने तोवर काहीच बांधलेलं नव्हतं. आपल्या वयाच्या माणसाला असं काम मिळालं तर आपण आधी काय करू? मी तरी आधी डिझाइन काढायला बसले असते. त्याने डिझाइन केलंच, आणि ते प्रसिद्धही आहे. ओकच्या झाडाच्या बुंध्यासारखा खाली रुंद, वर निमुळता होत जाणारा मनोरा. दगड ग्रॅनाइटचे आणि पोर्टलंड दगडाचे. सुतार खोक्याच्या कोपऱ्याला करतात तसे एकमेकांत अडकणारे सांधे प्रत्येक दगडाला कापलेले. एकेक थर प्लिमथच्या मिलबे इथल्या आवारात आधी जुळवून बघायचा आणि मगच होडीत चढवायचा. उंची साधारण १८ मीटर. जगभरातल्या समुद्रातल्या दीपगृहांचा आकार पुढे बराच काळ याच वळणाने गेला.

पण दगड कितीही अडकवले तरी सांध्यात काहीतरी भरावं लागतं. आणि तो सांधा भरल्यावर काही तासांत त्यावर समुद्र येणार. स्मीटनची खरी अडचण ही होती.

केमिस्ट्रीवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हा चुना भिंतीत वाळतो असं आपण म्हणतो, पण नुसता वाळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेऊन पुन्हा चुनखडी होतो. त्याला हवा लागते आणि वेळही लागतो, जाड भिंतीच्या पोटात तर वर्षानुवर्षं. पाण्याखाली हे जमत नाही. साधा चुना तिथे मऊच राहतो आणि धुऊन जातो. मात्र काही चुने पाण्यातही घट्ट होतात हे लोकांना माहीत होतं. का होतात, हे माहीत नव्हतं.

१७५६ मध्ये स्मीटनने प्लिमथला यावर प्रयोग सुरू केले. पद्धत इतकी साधी की वाचताना मला लाज वाटली. वेगवेगळ्या ठिकाणचे चुने घ्यायचे, मोजून मिसळायचे, सुमारे पाच सेंटिमीटरचे गोळे वळायचे, थोडे आवळले की पाण्यात सोडायचे आणि बघत बसायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सगळ्यात आधी त्याने काय तपासलं? जी गोष्ट सगळ्यांना पाठ होती ती. रोमन काळापासून चालत आलेली समजूत अशी, की दगड जितका कठीण तितका त्याचा चुना कठीण. त्याने प्लिमथचा कठीण संगमरवरी चुनखडक आणि बोटाने भुगा होणारा खडू, दोन्हींचा चुना करून शेजारी ठेवला. फरक नाही! दोन हजार वर्षांची समजूत काही गोळ्यांत निकालात. आणि हा ‘फरक नाही’ असा निकाल त्याने पुस्तकात छापला. आपण असे निकाल लॅबच्या वहीत पुरून टाकतो.

मग त्याच्या हाती वेल्समधल्या ॲबरथॉचा निळसर चुनखडक लागला. त्याचा चुना पाण्यात धरतो अशी त्या भागात ख्याती होती, आणि गोळ्यांनीही तेच सांगितलं. प्रश्न असा, की या दगडात असं काय आहे जे प्लिमथच्या दगडात नाही? इथे स्मीटनला स्वतःचं ज्ञान पुरेना. त्याचे मित्र विल्यम कुकवर्दी हे प्लिमथचे औषधविक्रेते आणि रसायनांचे जाणकार. त्यांच्याकडून तो एक युक्ती शिकला. दगडाची पूड नायट्रिक आम्लात टाकायची. चुना फसफसून विरघळतो. जे उरतं ते बघायचं. प्लिमथच्या दगडाचं जवळजवळ काहीच उरलं नाही. ॲबरथॉच्या दगडाची उरली चिकणमाती. तिचा गोळा करून भाजला तर विटेसारखा झाला. मग इतर ठिकाणचे पाण्यात धरणारे चुने तपासले, त्यांतही माती निघाली.

तर ठरलं: कठीणपणा नव्हे, आतली चिकणमाती. दगड शुद्ध असला म्हणजे चुना चांगला, ही समजूत पाण्याखालच्या कामापुरती उलटी निघाली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट यापुढे आहे. माती नेमकं काय करते, हे त्याला सांगता येत नव्हतं. तसं त्याने सरळ लिहिलं आणि तो प्रश्न रसायनशास्त्रज्ञांवर सोडला. सांगता येणं शक्यही नव्हतं. चुनखडीतून निघणाऱ्या वायूवरचा जोसेफ ब्लॅकचा निबंध छापून आला तोच मुळी १७५६ साली. लव्हाजिए तेव्हा १३ वर्षांचा होता. भाजताना मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, आणि त्या संयुगांना घट्ट व्हायला हवा नाही, पाणीच लागतं, हे उलगडायला पुढचं शतक जावं लागलं. फ्रान्समध्ये लुई विकाने शुद्ध चुनखडीत मुद्दाम माती मिसळून, भाजून असा चुना कृत्रिमरीत्या करता येतो हे दाखवलं, ते १८१८ च्या सुमारास.

प्रत्यक्ष कामासाठी स्मीटनने या चुन्यात समभाग पोझोलाना मिसळला. ही इटलीची ज्वालामुखीची राख, रोमन लोकांची आवडती. यातली सिलिका भट्टीत न जाताही चुन्याशी संयोग पावते. ती मिळालीही गमतीने. प्लिमथच्या एका व्यापाऱ्याने वेस्टमिन्स्टरच्या पुलासाठी खपेल म्हणून चिविताव्हेक्कियाहून मागवली होती आणि ती त्याच्या गळ्यात पडून होती. बाहेरचे सांधे पहिल्या भरतीपुरते तग धरावेत म्हणून त्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिस लिंपायचे. १७५७ च्या जूनमध्ये पहिला दगड बसला, १६ ऑक्टोबर १७५९ ला दिवा लागला. दिवा म्हणजे २४ मेणबत्त्या.

पुस्तक मात्र आलं १७९१ ला. प्रयोगांनंतर ३५ वर्षांनी आणि स्मीटनच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. पेपर रखडलाय म्हणून रडणाऱ्यांनी याचा आधार घेऊ नये. तोवर त्याचं दीपगृह उभं होतं, आपलं काय उभं आहे?

दीपगृह १२३ वर्षं चाललं. ते थकलं नाही, त्याच्या खालचा खडक थकला. समुद्राने खडक पोखरला, मोठ्या लाटेला मनोरा हलू लागला. मग शेजारच्या खडकावर जेम्स डग्लस यांनी ४९ मीटर उंचीचं नवं दीपगृह बांधलं आणि १८८२ च्या मे महिन्यात ते सुरू झालं. जुनं पाडून टाकणार होते. प्लिमथकरांनी वर्गणी काढली, वरचा भाग दगड दगड करून उतरवला, किनाऱ्यावर आणला आणि गावातल्या ‘हो’ नावाच्या उंच मैदानावर नव्या ग्रॅनाइटच्या पायावर पुन्हा रचला. १८८४ मध्ये तो लोकांसाठी उघडला. आज लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तो मनोरा म्हणजे प्लिमथची ओळख आहे.

खालचा भाग मात्र हलला नाही. तो इतका पक्का होता की उखडायचा नाद सोडून दिला. नव्या दीपगृहाच्या शेजारी स्मीटनच्या मनोऱ्याचं ते खोड अजून समुद्रात उभं आहे, ज्या खडकावर भरवसा उरला नव्हता त्याच खडकावर.

जीर्णोद्धार म्हटलं की मला हे चित्र आठवतं. मैदानावर जे आहे त्यात दगड स्मीटनचे, आकार स्मीटनचा, खोल्या, जिने, सगळं त्याचं. पण दगड सुटे करायचे म्हणजे सांधे उघडायचे. मूळ चुना त्यातच गेला. ज्या गोष्टीसाठी त्याने गोळे वळले, आम्ल वापरलं, ती वाचवायच्या यादीत नव्हतीच. ती राहिली समुद्रातल्या खोडात, जिथे तिकीट काढून कुणी जात नाही. यात प्लिमथकरांची चूक काढण्यासारखं काही नाही. त्यांनी दिसणारी वस्तू वाचवली, आणि ती वाचली हेच खूप. तरी वास्तूचा कुठला भाग ‘मूळ’ म्हणायचा हा प्रश्न तिथून सुटत नाही. त्यातून पुढची गंमत अशी, की स्मीटनने आपल्या मिश्रणाची तुलना पोर्टलंड दगडाशी केली होती. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पेटंट घेतलं त्याचं नाव पोर्टलंड सिमेंट. त्या सिमेंटच्या घराण्यापुढे चुना हळूहळू बाजूला पडला.

आपल्याकडच्या किनाऱ्यावर याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. जुन्या जांभ्याच्या भिंतीला सिमेंटने दर्जा भरल्या की वरवर भिंत छान दिसते. पण सिमेंटचा सांधा घट्ट, जांभा सच्छिद्र. भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, दगडातून पडतो, आणि त्यातलं मीठ दगडाच्या पृष्ठभागाशी स्फटिक होऊन दगडच फोडतं. काही वर्षांत सांधा शाबूत आणि दगड पोकळ. म्हणून संवर्धनवाले पुन्हा चुन्याकडे, आणि दमट जागी स्मीटनच्या जातीच्या, पाण्यात धरणाऱ्या चुन्याकडे वळले आहेत.

थांबा, इथे एक धोका आहे. सांधा उभा आणि दगड झिजलेला, हे मी सुरुवातीला जंजिऱ्याबद्दल सांगितलं होतं, आणि तिथला सांधा जुन्या चुन्याचा आहे. म्हणजे दृश्य एकच, कारणं कदाचित वेगळी. चुना दर्जेदार म्हणून टिकला, का चुना जास्त घट्ट असल्याने दगड मेला? नुसतं बघून हे सांगता येत नाही. माझा आत्ताचा प्रश्न हा आहे, आणि तो गुळापेक्षा बराच कमी आकर्षक आहे.

नवा प्रस्ताव लिहिताना मी स्मीटनचीच चाचणी पहिल्या पायरीला ठेवली. बंदरावरच्या एका पडक्या कोठाराच्या भिंतीतून सुटून पडलेले तुकडे परवानगीने घेतले, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले, गाळले, उरलं ते वजन केलं. उरलेल्यात लालसर कण दिसले. विटेची भुकटी, आपली सुरखी! म्हणजे पोझोलानाचंच काम करणारी वस्तू. मी नाचायचीच बाकी होते. तक्ता केला, चुना किती आणि वाळू किती याचं प्रमाण काढलं, मॅडमना दाखवलं.

त्यांनी विचारलं, ‘वाळू कुठली?’

समुद्राची. म्हणजे तिच्यात शिंपल्यांचे तुकडे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तोही आम्लात विरघळतो. मी ज्याला ‘चुना’ म्हणून मोजलं त्यात किती खरा चुना आणि किती शिंपले, कुणास ठाऊक! स्मीटनची चाचणी खाणीतल्या दगडासाठी होती. तीच तशीच उचलून कोकणच्या चुन्याला लावली तर ती खोटं बोलते. माझा आधीचा सगळा तक्ता यामुळे बाद झाला. लाल कण तेवढे खरे ठरले.

समितीपुढे दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो बाद तक्ता आणि तो का बाद झाला, हे दोन्ही स्लाइडवर ठेवलं. शेरा लिहिणाऱ्या सरांनी गुळाबद्दल पुन्हा विचारलंच. मी म्हटलं, ‘सर, सापडला तर सांगेन. तो नसेल तरी काय दिसायला हवं, हे आता माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे.’ प्रस्ताव मंजूर झाला, दोन दुरुस्त्यांसह.

सध्या आम्ल कपाटात आहे. आधी चुन्याची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली शिंपल्यांचं प्रमाण मोजायचं, मग आम्ल. आणि काही तुकडे मी हलक्या हाताने फोडून चिमट्याने शिंपले वेचते आहे, आई तांदूळ निवडते तसं. एका तुकड्याला दोन दिवस लागतात.